केसांचा गुंता : बोरीचा पाला, मागाची खळ आणि शाम्पूची पुडी

कंडिशनर हा शब्द आपल्या पडघ्याच्या बाजारात येऊन फार वर्षे झालेली नाहीत. केसांचा गुंता मात्र माणसाइतकाच जुना आहे. मग मधल्या हजारो वर्षांत कुरळ्या केसांच्या बाया-मुली काय करत होत्या? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. इतिहासाच्या पुस्तकात राजे, लढाया आणि तह असतात, न्हाणीघर नसते. पण घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न किरकोळ नाही. सरळ केसांच्या मुलीला शाम्पूची एक पुडी पुरते. कुरळ्या, दाट केसांच्या मुलीला दोन लागतात, वर कंडिशनरची बाटली, आणि तरीही विंचरताना डोळ्यांत पाणी. घरात अशा दोन-तीन मुली असल्या की शेवटी कात्री पुढे येते. "हिचे केसच वाईट" हे वाक्य मुलगी आठ-नऊ वर्षांची असतानाच ऐकते आणि पुढे जन्मभर खरे मानते. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात घट्ट वेण्यांखाली आणि ओढणीखाली लपवलेले असे कितीतरी कुरळे केस पाहिले आहेत.

आधी हा केस "वाईट" का ठरला ते पाहू. दख्खनला कुरळे केस परके नाहीत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत खांद्यावर उतरलेल्या कुरळ्या बटा आहेत. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या प्रदेशाला जुन्या काळी कुंतल देश म्हणत, आणि संस्कृतात कुंतल म्हणजे केस. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले हबशी याच भूमीत सेनापती झाले, वजीर झाले. मलिक अंबरने निजामशाही सावरून धरली, जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत संस्थानिक होते. कोकणच्या बंदरांत अरब, इराणी, हबशी आणि स्थानिक रक्त शेकडो वर्षे मिसळत आले. त्यामुळे आपल्या भागात एकाच आईच्या दोन मुलींपैकी एकीचे केस सरळ आणि दुसरीचे दाट कुरळे असणे यात नवल काहीच नाही. नवल आहे ते जाहिरातीचे. सरळ, लांब, पाण्यासारखे वाहणारे केस म्हणजेच निरोगी केस, असा समज तिने घरोघरी पोचवला.

कुरळा केस गुंततो त्याला कारण आहे. डोक्याच्या त्वचेतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर ते अडते, म्हणून टोके कोरडी राहतात. केसाच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखा बारीक थर असतो. केस कोरडा झाला, किंवा साबणाच्या क्षाराने फुगला, की हे खवले उचकटतात आणि एका केसाचा खवला दुसऱ्यात अडकतो. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर साबणाशी त्याचा संयोग होऊन पांढरा चिकट थर केसांवर बसतो. मुंबईला जाणारे भातसाचे पाणी आपल्या तालुक्यातल्या पिसे-पांजरापूरमधून पुढे जाते, आणि आपल्याकडच्या कितीतरी न्हाण्यांत बोअरचेच पाणी असते. म्हणजे गुंत्याचा दोष मुलीचा नाही, पाण्याचा आणि साबणाचाही आहे.

शाम्पू आपलाच, पण वेगळा

"शाम्पू" हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. हिंदुस्तानीतल्या "चाँपना" या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप "चाँपो", म्हणजे दाब, चेप. आपल्या "पाय चेपणे" याच्या जवळचा अर्थ. "चंपी" याच घरातली. हा शब्द इंग्लंडमध्ये गाजवला पाटण्याच्या एका मुसलमानाने. शेख दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात ते पोरवयातच दाखल झाले, १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापले गेले. हिंदुस्तानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानतात. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी खाण्याचे दुकान काढले, ते बुडाले. मग ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी वाफेचे स्नान आणि मालिश सुरू केले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले "शाम्पूइंग सर्जन" नेमले. १८५१ मध्ये ते वारले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दीन मुहम्मद यांचा शाम्पू म्हणजे बाटली नव्हती. ती वाफ, सुगंधी तेल आणि हाताची मेहनत होती. हम्मामातला दल्लाक जे काम करत असे तेच हे. केस धुण्याचा द्रव हा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला. हात निघून गेला आणि बाटली राहिली. कुरळ्या केसांच्या बाबतीत हा बदल महागात पडला, कारण त्यांना धुण्यापेक्षा तेल आणि हात यांची गरज जास्त असते.

बोर, शिकेकाई, रिठा

साबण येण्याआधी केस धुण्याची साधने झाडावरची होती. "शिकेकाई" हा शब्द कन्नडमधून आला, त्यातले "काई" म्हणजे शेंग. संस्कृत "अरिष्टक" झिजून "रिठा" झाला. दोघांतही फेस आणणारी द्रव्ये आहेत, पण स्वभाव वेगळे. रिठा मळ जोरात काढतो आणि केस कोरडे करतो. शिकेकाई किंचित आंबट, सौम्य असते. ती साबणासारखी खवले उचकटत नाही, म्हणून केस तुलनेने कमी गुंततात.

तिसरे साधन आपल्या दारातले, बोरीचा पाला. अरबीत "सिद्र", उर्दूत "बेरी". अरबस्तानातली सिद्र आणि आपली बोर एकाच कुळातल्या. अरब देशांत सिद्रच्या पाल्याची पूड आजही केसांसाठी विकली जाते. आपल्याकडे हा पाला बहुतेकांना एकाच वेळी आठवतो, मय्यतीच्या गुसलला. हदीसमध्ये उम्मे अतिया यांनी पैगंबरांच्या कन्येच्या अखेरच्या स्नानाचे वर्णन केले आहे. पाणी आणि सिद्र वापरून स्नान घातले, केस सोडून धुतले आणि त्यांच्या तीन वेण्या घातल्या. ज्या वस्तूने आपण आपल्या माणसाला शेवटचे, सर्वांत काळजीपूर्वक स्वच्छ करतो, ती जिवंतपणी वापरायला काहीच हरकत नाही. पाला चुरून पाण्यात घुसळला की थोडा फेस येतो आणि पाणी बुळबुळीत होते. हा बुळबुळीतपणाच गुंता सोडवतो.

भिवंडीला हे आधीच ठाऊक होते

निसरडेपणाचे हे शास्त्र भिवंडीच्या विणकरांना पुस्तकाशिवाय समजले होते. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर भिवंडी, मालेगावकडे आले. हातमागावर ताणा चढवण्यापूर्वी ते धाग्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावत आणि कुंच्याने धागे सुटे करत. खळ नसेल तर धाग्याची लव उठते, धागे एकमेकांत अडकतात आणि तुटतात. मागातल्या ज्या भागातून ताण्याचे धागे ओवतात त्याला मराठीत फणी म्हणतात, उर्दूत कंघी. धागा आणि केस यांच्यासाठी आपल्या दोन्ही भाषांनी एकच शब्द वापरला तो उगीच नाही. पुढे यंत्रमाग आले आणि खळीचे काम सायझिंगच्या कारखान्यात गेले, पण तत्त्व तेच राहिले. स्टार्चचा पातळ थर आणि त्यात थोडा स्निग्ध पदार्थ.

बाटलीतल्या कंडिशनरचे नातेही कापडाशीच आहे. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. धन भाराची द्रव्ये त्याला चिकटतात आणि खवले झाकतात. कापड मऊ करण्यासाठीही याच जातीची द्रव्ये वापरतात. स्टिअराल्कोनियम क्लोराइड हे त्यांतले एक, ते कापड आणि केस या दोन्हींच्या कामी आले. त्यात मेणासारखी स्निग्ध द्रव्ये आणि सिलिकोन घातले की आजचे कंडिशनर झाले. ही वस्तू खोटी नाही, काम करते. पण ती जादूही नाही. आपल्या आज्या हेच काम पेजेने करत.

१९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी "चिक" शाम्पू पुडीत आणला. त्यांचे वडील चिन्नीकृष्णन यांनी त्याआधीच पुडीची कल्पना राबवली होती. बाटली परवडत नाही अशा घरात या पुडीने शाम्पू नेला. ती सोय खरी होती, पण पुडीबरोबर आज्यांचे ज्ञान मागे पडले. शाम्पू तेल काढून टाकतो, मग काढलेले परत द्यायला दुसरी पुडी घ्या, असा हा व्यवहार झाला.

गुंता सुटला नाही तर

गुंत्याची किंमत काही बायकांनी फार मोठी मोजली आहे. केस आठवडेच्या आठवडे विंचरले गेले नाहीत, तेल-पाणी मिळाले नाही, की मळ आणि घाम यांनी ते चिकटून दोरखंडासारखी जट तयार होते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात, जट म्हणजे देवीचे बोलावणे समजले गेले आणि त्यापायी मुली देवीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये याविरुद्ध कायदे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही बायकांची समजूत घालून जटा कापतात. डोक्यावरचे ओझे उतरले की मान दुखायची थांबते. भीती उतरायला जास्त वेळ लागतो. आपल्या समाजानेही हे दुसऱ्यांचे म्हणून बाजूला सारू नये. पीराच्या नावाची बट वर्षानुवर्षे न कापता, न विंचरता ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. पक्की झालेली जट तेलाने सुटत नाही. पण सुरुवातीचा गुंता कंगवा, तेल आणि थोडा बुळबुळीत लेप यांनी सुटतो. म्हणून हे स्वस्त उपाय माहीत असणे ही नुसती सौंदर्याची बाब नाही.

स्वयंपाकघरातले उपाय

जवस : दोन चमचे जवस एक पेला पाण्यात सात-आठ मिनिटे उकळा. गरम असतानाच पातळ कापडातून गाळा, गार झाल्यावर गाळले जात नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखा गर मिळतो. फ्रिजमध्ये तो थोडे दिवस टिकतो, वास बदलला की टाकून द्या.

मेथी : दोन चमचे रात्रभर भिजवा, वाटा आणि नीट गाळा. कुरळ्या केसांत अडकलेला चोथा काढणे गुंता काढण्यापेक्षा कठीण असते.

जास्वंदीची पाने : दहा-बारा पाने पाण्यात कुस्करून गाळा. फुलापेक्षा पानात बुळबुळ चांगली मिळते. भेंडीच्या तुकड्यांच्या उकळलेल्या पाण्यानेही हेच काम होते.

पेज : भाताची पातळ निवळ. लावून, गुंता सोडवून लगेच धुवावी. खळ वाळली की कापड जसे कडक होते तसेच केसही होतात.

व्हिनेगर : जड पाण्याने धुतल्यावर एक तांब्या पाण्यात एक चमचा पांढरे व्हिनेगर घालून शेवटी ओता, मग साध्या पाण्याने धुवा. पांढरा थर निघतो. खाण्याचा सोडा मात्र केसांना लावू नये, तो क्षार आहे.

खोबरेल : न्हाण्याआधी तास-दोन तास. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी तेलांची तुलना प्रसिद्ध केली होती. खोबरेलाने धुण्यात होणारी केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाली, सूर्यफूल आणि खनिज तेलाने नाही, असा तिचा निष्कर्ष. ही कंपनी खोबरेल विकते हे वाचकाने ध्यानात ठेवावे, पण कोकणातल्या बायकांचा अनुभव वेगळा नाही.

पद्धत वस्तूपेक्षा महत्त्वाची. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. ओले करून, लेप लावून, चार-सहा भाग करावेत. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावे. बारीक दातांची फणी उवांसाठी आहे, गुंत्यासाठी नाही. रात्री सैल वेणी घालावी आणि मऊ ओढणी गुंडाळून झोपावे. टाळूवर फोड किंवा चट्टे असतील तर हे प्रयोग न करता डॉक्टरला दाखवावे.

यातला कोणताही उपाय केस सरळ करणार नाही, आणि करूही नये. उपाय एवढाच करतो की मुलगी रडल्याशिवाय वेणी घालून शाळेत येते आणि तिच्या आईचे महिन्याचे काही रुपये वाचतात. ज्यांच्या घरी अजून आजी आहे त्यांनी तिला विचारून घ्यावे, ती केसांना काय लावत असे. आणि मुलीला सांगावे की तिचे केस वाईट नाहीत, त्यांना फक्त हात जास्त लागतो.