गेरहार्ड नॉयमन : मोटारीच्या कारखान्यांतून जेट एंजिनाकडे

अंगीं कसब असलें म्हणजे परका मुलूख परका राहत नाहीं. गेरहार्ड नॉयमन याचें चरित्र या गोष्टीची साक्ष आहे.

नॉयमनचा जन्म १९१७ सालीं जर्मनींत एका ज्यू कुळांत झाला. एंजिनियरिंगचें शिक्षण घेण्यापूर्वीं त्यानें मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत उमेदवारी केली. १९३९ सालीं तो हाँगकाँगला गेला. पण महायुद्ध सुरू होतांच इंग्रजांच्या दृष्टीनें तो शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला! तेथून चीनमध्यें जाऊन तो ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन विमानपथकांत मेकॅनिक झाला. हातीं लागलेल्या मोडक्या सामानांतून त्यानें जपान्यांचें ‘झीरो’ विमान पुन्हां उडण्याजोगें केलें. पुढें अमेरिकन काँग्रेसनें खास कायदा करून त्याला नागरिकत्व दिलें.

१९४८ सालीं तो जनरल इलेक्ट्रिक कंपनींत दाखल झाला. त्या वेळीं जेट एंजिनापुढें एक बिकट अडचण होती. आंत शिरणारी हवा फिरत्या व स्थिर पात्यांच्या रांगांतून दाबली जाते. पूर्ण वेगांत पात्यांचा जो कोन योग्य, तोच मंद गतींत घातक ठरे. हवेचा प्रवाह पात्यांपासून सुटे आणि एंजिन गुदमरून धक्के देऊं लागे. इतरांनीं एकांत एक असे दोन स्वतंत्र आंस बसवून तोड काढली. नॉयमननें स्थिर पात्यांनाच, वेगाप्रमाणें आपला कोन बदलतील, असें वळतें केलें. याच युक्तीवर उभारलेलें जे-७९ एंजिन १९५५ सालीं प्रथम आकाशांत गेलें. १९५८ सालीं त्याच्या बळावर एफ-१०४ विमानानें ताशीं १४०४ मैलांचा उच्चांक गांठला. अशीं १७,००० हून अधिक एंजिनें पुढें तयार झालीं.

नॉयमन एंजिनविभागाचा प्रमुख झाला, तेव्हां धाडसाचें स्वरूप तेवढें बदललें. १९७४ सालीं फ्रान्सच्या स्नेक्मा कंपनीशीं भागी करून सीएफएम-५६ हें प्रवासी विमानांचें एंजिन हातीं घेतलें गेलें. पण वर्षें लोटलीं तरी गिऱ्हाईक मिळेना. काम बंद पडण्याची वेळ आली असतां, १९७९ सालीं जुन्या डीसी-८ विमानांसाठीं पहिली मागणी आली. तेंच एंजिन पुढें बोइंग ७३७ वर बसून जगभर पोंचलें.

१९८० सालीं नॉयमन निवृत्त झाला व १९९७ सालीं निवर्तला. ‘स्वतःला सुरक्षित समजूं नका’ अशा अर्थाची पाटी त्याच्या कचेरींत असे. ज्याला एकदां देश सोडावा लागला, त्याला ही शिकवण कोणी निराळी द्यावयास नको होती. मात्र त्या असुरक्षिततेचें त्यानें भय केलें नाहीं, उद्योग केला.