हनुक्का : तेलाचा दिवा आणि सुटीचा दिवस

यहुदी लोकांच्या घरी थंडीच्या दिवसांत, साधारणतः डिसेंबर महिन्यात, ओळीने आठ रात्री दिवे लागतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे करीत आठव्या रात्री आठ. या सणाला हनुक्का म्हणतात. हनुक्का म्हणजे समर्पण. आपण देवालयाची पुनःप्रतिष्ठा म्हणतो त्या जातीचा हा शब्द आहे. किस्लेव्ह या त्यांच्या महिन्याच्या २५ तारखेला सण सुरू होतो. त्यांचे महिने आपल्यासारखेच चांद्र आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने धरण्याची रीतही त्यांच्यात आहे. या आठ रात्रींच्या मध्येच अमावास्या पडते, त्यामुळे आपल्या लोकांना दिवाळीची आठवण होणे साहजिक आहे. परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. हनुक्काचा उगम एका राजकीय बंडात आहे, आणि त्याचे साल व कारणे बऱ्याच अंशी सांगता येतात.

धर्माच्या सणावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु राजाचा खजिना रिकामा झाला की त्याचा बोजा कोणाच्या पाठीवर येतो, आणि लढा जिंकल्यावर जिंकणाऱ्यांचे काय होते, हे दोन प्रश्न आमच्या रोजच्या कामातले आहेत. हनुक्काचा इतिहास या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

गोष्ट सुरू होते ती एका कर्जापासून. अलेक्झांडरच्या सरदारांपैकी सेल्यूकस याच्या वंशजांचे राज्य सिरिया आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशावर होते. या घराण्यातील तिसरा अँटायोकस रोमशी लढला आणि हरला. इ. स. पू. १८८ च्या तहात रोमने त्याच्यावर १५,००० टॅलंट चांदीचा दंड बसविला. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. त्यातील १२,००० टॅलंट बारा वर्षांच्या हप्त्यांनी द्यायचे होते. पुढच्याच वर्षी हा राजा एका देवळाचा खजिना लुटायला गेला असता मारला गेला. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत हेलिओडोरस नावाचा मंत्री जेरुसलेमच्या मंदिरातील ठेवींवर हात टाकायला आला, असे 'मक्काबी'च्या दुसऱ्या ग्रंथात सांगितले आहे. ही केवळ पोथीतील कथा असे कोणी म्हणेल. पण याच हेलिओडोरसच्या नावे काढलेला, इ. स. पू. १७८ चा एक शिलालेख सापडला व २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या भागातील देवस्थानांवर सरकारी देखरेखदार नेमल्याचा तो हुकूम आहे. देवळांच्या तिजोऱ्यांकडे सरकारचे लक्ष किती होते, याची साक्ष दगडानेच दिली आहे.

इ. स. पू. १७५ मध्ये चौथा अँटायोकस गादीवर आला. जेरुसलेमच्या मुख्य पुरोहिताचे पद त्याच्या काळात मक्त्याने गेले. जेसन नावाच्या पुरोहिताने आपल्याच भावाला बाजूला सारण्यासाठी ४४० टॅलंट देऊ केले, आणि शहरात ग्रीक पद्धतीची तालीम उघडण्याची परवानगी मिळावी म्हणून आणखी १५० टॅलंट कबूल केले. तीन वर्षांनी मेनेलाउस याने त्याच्यावर ३०० टॅलंटची बोली चढविली आणि पद पटकावले. बोलीचा पैसा शेवटी निघाला तो मंदिराच्या भांड्यांतून व रयतेच्या धान्यातून. 'मक्काबी'च्या पहिल्या ग्रंथात पुढील काळातील एक राजपत्र दिले आहे. त्यात राजा कोणकोणत्या करांची माफी देऊ करतो याची यादी आहे : धान्याचा तिसरा हिस्सा, झाडांच्या फळांचा अर्धा हिस्सा, मिठावरचा कर आणि मुकुटाच्या नावाने घेतला जाणारा नजराणा. माफीची यादी वाचली की वसुलीची कल्पना येते.

इ. स. पू. १६७ मध्ये मात्र राजाने पैशाच्या पलीकडे पाऊल टाकले. त्याने यहुद्यांची सुंता बंद केली, धर्मग्रंथ जाळविले, मंदिरात ग्रीक देवाची वेदी उभारली, आणि शब्बाथ पाळणे हा गुन्हा ठरविला. असे का केले, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. शब्बाथ म्हणजे शनिवार. या दिवशी धन्याने काम करायचे नाही, इतकेच नव्हे तर गड्याकडून, दासीकडून आणि बैलाकडूनही करवून घ्यायचे नाही, असा त्यांचा धर्मनियम आहे. ठरलेल्या दिवशी गुलामालाही विसावा देणारा हा नियम त्या काळात किती वेगळा होता, याचा विचार करावा. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी मिळविण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. सुटीचा दिवस हिरावून घेणे म्हणजे काय, हे गिरणगावातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मोदीन या खेड्यात मत्तथिया नावाचा वृद्ध पुरोहित होता. राजाचा अधिकारी तेथे बलिदान करवून घेण्यासाठी आला. एक गावकरी पुढे झाला, तेव्हा मत्तथियाने त्याला आणि त्या अधिकाऱ्यालाही ठार केले व आपल्या पाच मुलांसह डोंगर गाठला. याच सुमारास दुसरा एक प्रसंग घडला. शब्बाथ पाळण्यासाठी गुहांत लपलेल्या काही कुटुंबांवर सैन्याने मुद्दाम शब्बाथच्याच दिवशी हल्ला केला. त्या दिवशी हात उचलायचा नाही म्हणून त्यांनी प्रतिकार केला नाही. बायकामुलांसह सुमारे हजार माणसे मेली. मत्तथियाच्या लोकांनी यावर विचार करून ठराव केला की, शब्बाथच्या दिवशी आपण होऊन चाल करायची नाही, पण कोणी अंगावर आला तर लढायचे. नियम टिकवायचा असेल तर नियम पाळणारी माणसे टिकली पाहिजेत, हा त्या ठरावाचा अर्थ. साऱ्या हकिकतीत आम्हाला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

पुढे मत्तथियाचा मुलगा यहुदा, ज्याला मक्काबी हे उपनाव पडले, याने राजाच्या फौजांना एकामागून एक लढायांत मागे हटविले आणि इ. स. पू. १६४ मध्ये मंदिर ताब्यात घेतले. भ्रष्ट झालेली वेदी काढून नवी बांधली व २५ किस्लेव्हला पूजा पुन्हा सुरू केली. हाच पहिला हनुक्का. उत्सव आठ दिवस का? 'मक्काबी'चा दुसरा ग्रंथ सांगतो की, डोंगरात लपून असताना मांडवांचा आठ दिवसांचा सण त्यांना करता आला नव्हता, त्याच्याच धर्तीवर हा उत्सव केला. लढाई मात्र संपली नव्हती. यहुदाचा भाऊ एलाजार राजाच्या हत्तीखाली चिरडून मेला. त्या हत्तींचे वर्णन करताना ग्रंथकाराने माहुताला 'हिंदी' असे म्हटले आहे. इ. स. पू. १६० मध्ये यहुदाही रणात पडला. इ. स. पू. १४२ मध्ये शिमोन या भावाच्या काळात खंडणी माफ झाली, आणि यहुदिया स्वतंत्र झाला.

आता तेलाच्या गोष्टीकडे वळू. हनुक्का म्हटले की प्रत्येक यहुदी मूल हीच गोष्ट सांगते : मंदिर शुद्ध केले तेव्हा मुख्य पुरोहिताची मोहोर शाबूत असलेली तेलाची एकच कुपी सापडली, तेल एका दिवसापुरते होते, पण दिवा आठ दिवस जळला. ही गोष्ट 'मक्काबी'च्या दोन्ही ग्रंथांत नाही. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस या सणाला 'दिवे' म्हणतो, पण कुपीचे नाव तोही काढीत नाही. कुपीची कथा विस्ताराने सापडते ती तालमुदात, म्हणजे बंडानंतर कित्येक शतकांनी. आणि तेथे लढाईचा उल्लेख जेमतेम एका वाक्याचा आहे.

तलवार मागे का पडली आणि दिवा पुढे का आला? रोमविरुद्धच्या दोन बंडांत यहुद्यांची राखरांगोळी झाली. इ. स. ७० मध्ये मंदिर गेले, आणि १३५ मध्ये दुसरे मोठे बंड चिरडले गेले. पुन्हा तलवारीचे गुणगान नको, असे विद्वानांना वाटले असेल. परंतु दुसरेही कारण असावे, आणि ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या घराण्याने बंड केले तेच पुढे राजघराणे झाले. मुख्य पुरोहिताचे पदही त्यांनी आपल्याकडेच घेतले. शिमोनाच्या मुलाने शेजारच्या इदोमी लोकांना जिंकून सक्तीने सुंता करविली. म्हणजे ज्या सक्तीविरुद्ध आजोबा उठले, तीच नातवाने दुसऱ्यावर केली. त्याचा मुलगा अलेक्झांडर यान्नाइउस याने आपल्याच ८०० विरोधकांना क्रुसावर चढविले, असे जोसेफस लिहितो. शेवटी दोन भाऊ गादीसाठी भांडले, दोघांनीही रोमचा सरदार पाँपे याच्याकडे दाद मागितली, आणि इ. स. पू. ६३ मध्ये पाँपे जेरुसलेममध्ये शिरला. स्वातंत्र्य पुरती ऐंशी वर्षेही टिकले नाही. लोकांनी या घराण्याचे दरबार विसरून कुपी लक्षात ठेवली. लढ्यातले काय जपावे याची लोकांना समज असते, ती अशी.

या सणाच्या चालीरीतींतही हीच समज दिसते. दिवे एकाने वाढवावेत की कमी करावेत यावर शम्मई व हिल्लेल यांच्या पंथांत मतभेद होता. शम्मईचे अनुयायी आठापासून उतरत येत, हिल्लेलचे चढत जात. चढता क्रम टिकला. दिवा दारात किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा. संकटाचा काळ असेल तर घरातल्या मेजावर ठेवला तरी चालतो. मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहात एक मजेचा तंटा आहे : अळशीच्या वाखाने लादलेला उंट रस्त्याने जाताना दुकानाबाहेरच्या दिव्याने वाख पेटला, तर भरपाई कोणी द्यावी? दिवा दुकानदाराने बाहेर ठेवला म्हणून त्याने द्यावी. पण रब्बी यहुदा म्हणतात, तो हनुक्काचा दिवा असेल तर दुकानदार मोकळा.

या दिव्यांच्या उजेडात कसलेही काम करायचे नाही, हिशेबसुद्धा करायचा नाही. तो फक्त पाहायचा. म्हणून कामाच्या उजेडासाठी नववा दिवा वेगळा ठेवतात. त्याला शम्माश म्हणजे सेवक म्हणतात, आणि हल्ली बाकीचे दिवे त्यानेच पेटवितात. दिवे जळत असेपर्यंत बायकांनी घरकाम करू नये अशीही रूढी आहे. तेलाची आठवण म्हणून तळलेले पदार्थ खातात. पूर्व युरोपातील यहुदी बटाट्याचा कीस तळून त्याच्या चकत्या करीत. इस्रायलमध्ये मुरंबा भरलेले तळलेले गोळे लोकप्रिय झाले. ते गोळे घरी करणे अवघड, भटारखान्यांतील कामगारांना त्यांमुळे काम मिळेल, म्हणून १९२० साली स्थापन झालेल्या हिस्ताद्रुत या कामगार महासंघाने त्यांचा पुरस्कार केला, असे सांगतात. सणाच्या ताटाकडेही कामगार संघटनेने रोजगाराच्या दृष्टीने पाहावे, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही.

आता आपल्या घरचा धागा. कोकणातील बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ साली तेल अवीवमध्ये छापलेल्या इतिहासात हे आगमन इ. स. पू. १७५ च्या सुमारास धरले आहे. म्हणजे चौथ्या अँटायोकसच्या जुलुमाचा काळ. कोकणात या लोकांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांचे सण मराठी नावांनी चालत : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. पण या यादीत हनुक्का नव्हता. तो त्यांना पुढे कोचीनहून व इतर ठिकाणांहून आलेल्या धर्मशिक्षकांकडून कळला. आपले पूर्वज बंडाच्या आधीच निघाले, याचा हा पुरावा असे काहींचे म्हणणे. सण विसरलाही जाऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर इतिहास उभा करता येणार नाही. तरी वस्तुस्थिती विलक्षण आहे : पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या यहुद्यांना तेलाच्या चमत्काराचा सणच माहीत नव्हता.

म्हणून ते कमी प्रतीचे यहुदी ठरतात काय? हा प्रश्न कल्पनेतला नाही. यांतील बरेच लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका काढल्या. बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ साली ते सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे तेथील संसदेला व सरकारला स्पष्ट करावे लागले. घर मिळाल्यावर दारात उभे राहून इतरांची परीक्षा घेण्याचा मोह मक्काबींच्या वंशजांनाही आवरला नव्हता, हे वर आलेच आहे.

वास्तविक त्या शंकेचे उत्तर तालमुदातच होते. तेथे प्रश्न केला आहे : गरीब माणसाकडे एकाच दिव्यापुरते तेल आहे, त्याने शब्बाथचा दिवा लावावा की हनुक्काचा? उत्तर असे की, शब्बाथचा. कारण घरातील दिव्याने घरात शांती नांदते. विजयाच्या दिव्यापेक्षा विसाव्याच्या दिवसाचा दिवा मोठा. कोकणच्या तेल्यांकडे विजयाचा दिवा नव्हता. पण ज्या शनिवारासाठी मोदीनची माणसे डोंगरात गेली, तो शनिवार त्यांनी परक्या मुलखात, राजा नाही, मंदिर नाही, धर्मपीठ नाही अशा स्थितीत, केवळ दर आठवड्याला घाणा थांबवून सांभाळला. लढा जिंकणाऱ्यांचे राज्य ऐंशी वर्षांत गेले. घाणा थांबविणाऱ्यांचा नियम चालू राहिला. हक्क मिळविणे हे एका पिढीचे काम असते, आणि तो रोज पाळून जिवंत ठेवणे हे पुढच्या प्रत्येक पिढीचे. हनुक्काच्या इतिहासातून आम्ही तरी हाच बोध घेतला आहे.