हजेरीपटावरची माणसे : मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारवर्गाची घडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये स्थापन केलेली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६मध्ये सुरू झाली. तेव्हापासून १९८२च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत मुंबईच्या कापड गिरण्यांनी लक्षावधी माणसांना काम दिले. या उद्योगाचा इतिहास बहुधा भांडवल, कापसाचे भाव, चीनची सुताची बाजारपेठ आणि संप यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मात्र गिरणीच्या हजेरीपटावर कोणत्या जिल्ह्याची, जातीची आणि धर्माची माणसे होती, त्यांत स्त्रिया किती होत्या आणि त्यांपैकी कोण कोणत्या खात्यात काम करीत असे, हा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. गिरण्यांतील माणसांची वाटणी यंत्राच्या गरजेतून आपोआप झाली नाही. भरतीची पद्धत, गावाकडची जमीनव्यवस्था, जातीचे निर्बंध आणि सरकारी कायदे यांनी मिळून ती घडवली, असे उपलब्ध नोंदी सांगतात.

या नोंदींविषयी प्रथम काही सांगणे आवश्यक आहे. गिरणीमालकांचा संघ १८७५मध्ये स्थापन झाला असला, तरी आपल्या कामगारांची पद्धतशीर माहिती ठेवण्याची निकड मालकांना दीर्घकाळ भासली नाही. हजेरीपटाचे काम रोजची हजेरी आणि महिनाअखेरचा पगार एवढ्यापुरतेच होते, आणि एका कामगाराच्या नावावर दुसराच काम करीत असल्याची उदाहरणेही विरळ नव्हती. मुंबई सरकारने १९२१मध्ये कामगार कार्यालय सुरू केल्यानंतर वेतन, घरखर्च आणि गैरहजेरी यांची नियमित पाहणी होऊ लागली. त्यापूर्वीच्या काळासाठी दर दहा वर्षांच्या जनगणनेचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या आकड्यांतील वर्गवारी जनगणनाधिकाऱ्यांनी ठरवलेली असल्याने तो जपूनच घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र या आकड्यांत निःसंदिग्धपणे दिसते. १९११मध्ये गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि त्या काळी आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात मोडत असे. १९३१पर्यंत हे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले, आणि त्याच काळात खुद्द मुंबईत जन्मलेल्यांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास होते ते पाव भागाच्याही पुढे गेले. सातारा, पुणे, अहमदनगर आणि कोल्हापूर संस्थान येथूनही लोक येत होते. त्यांना कोकणी माणसे ‘घाटी’ म्हणत, कारण ते घाटावरून उतरून आलेले असत.

रत्नागिरीचे हे प्राबल्य अंतराच्या जवळिकीने पुरते उलगडत नाही. जिल्ह्यातील शेती डोंगरउताराची आणि तुटपुंजी होती, तिच्यावर खोतीचा भार होता, म्हणजे सरकार आणि कुळे यांच्यामध्ये खोत नावाचा वसुलीचा हक्कदार होता. कुळाला मिळणारे धान्य वर्षभर पुरत नसे. दापोलीसारख्या भागांतून सैन्यात भरती होण्याची जुनी परंपरा होती, पण १८९०च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रिटिश सैन्याने महार शिपायांची भरती थांबवल्यावर त्यांच्यासाठी हाही मार्ग आटला. किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटींनी मुंबई गाठता येत असे, परंतु पावसाळ्यात त्या बंद असत, आणि गिरणीतील माणसांच्या येण्याजाण्यावर या ऋतुचक्राचा परिणाम होत असे. पेरणी, कापणी आणि शिमगा यांसाठी कामगार गावी जात, आणि बायकामुले बहुधा गावीच राहत. १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती, यावरून या शहराचे पुरुषी स्वरूप लक्षात येते. एका गाळ्यात अनेकांनी मिळून राहणे, खाणावळवालीकडे महिन्याचे जेवण ठरवणे आणि एका गावच्या मंडळींनी एकाच चाळीत जागा धरणे, ही गिरणगावाची वैशिष्ट्ये या विषम प्रमाणातून उपजलेली होती.

माणसांची भरती करणारी व्यक्ती म्हणजे मुकादम किंवा जॉबर. कामगारांना नेमणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, रजा देणे, कर्जाऊ पैसे देणे आणि प्रसंगी काढून टाकणे ही सर्व कामे त्याच्याकडे होती, आणि नेमणुकीसाठी तो ‘दस्तुरी’ नावाची रक्कम घेत असे. तो आपल्या गावची, नात्यातली किंवा जातीतली माणसे आणी, त्यामुळे एकेका खात्यात एकेका गटाची दाटी होत असे. गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तेवढ्या दिवसापुरते काम मागणारे लोक, जमत आणि त्यांतून कोणाला आत घ्यावे हे मुकादमच ठरवी. १९३१मध्ये अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरने या पद्धतीवर कठोर टीका केली आणि १९३५मध्ये मुंबईत बदली नियंत्रण योजना आली, तिने मुकादमाच्या सत्तेला काहीसा लगाम घातला. मालकांना मात्र ही व्यवस्था दीर्घकाळ सोयीची वाटत होती, कारण मागणी चढली की माणसे मिळत आणि उतरली की ती सोडता येत.

खात्यांची वाटणी पाहिली की असमानता उघड होते. सूतकताईच्या रिंग खात्यात वेतन कमी होते, आणि साचा खाते, म्हणजे मागांचे विणकाम खाते, कामाच्या मापावर चांगला पैसा देणारे होते. या विणकाम खात्यात मराठा समाजाचे, तसेच आझमगढ, बनारस आणि अलाहाबाद या भागांतून आलेल्या आणि मदनपुऱ्यात वसलेल्या मोमीन विणकरांचे प्राबल्य होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे कामगार १९२१च्या सुमारास एकूण संख्येच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतके होते, पण विणकामाचे दार त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि दलित कामगाराने तोंड लावलेला धोटा आपल्या तोंडाला लागू नये, असे सवर्ण विणकर म्हणत. ज्या यंत्राने जातीव्यवसायाचे बंधन मोडावे अशी अपेक्षा होती, त्याच यंत्राभोवती विटाळाची कल्पना पुन्हा उभी राहिली आणि तिचे मोल दलित कामगाराला दर महिन्याच्या पगारात मोजावे लागले. १९२८च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला. गिरणी कामगारांची एकजूट मोठी होती, हे खरेच. परंतु तिच्या आत ही भेग होती, आणि चळवळीच्या इतिहासकारांनी तिच्यावरून घाईने पुढे जाऊ नये.

व्यवस्थापनाच्या पातळीवर चित्र वेगळे होते. सुरुवातीच्या काळात यंत्रांबरोबर लँकशायरहून तंत्रज्ञ आले आणि वरिष्ठ जागा त्यांच्याकडे गेल्या. पुढे पारशी व इतर भारतीय अधिकाऱ्यांची संख्या वाढली, आणि १८८७मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने या बदलाला प्रशिक्षित माणसे पुरवली.

स्त्रियांचा इतिहास मात्र वेदनादायक आहे. १९२०च्या दशकापर्यंत त्या एकूण कामगारांच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत होत्या, आणि वाइंडिंग व रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याची व लडी करण्याची खाती, मुख्यतः त्यांच्याच कामावर चालत. त्यांच्यावर ‘नायकीण’ म्हणजे स्त्री-मुकादम असे. १८९१च्या कारखाने कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर मर्यादित केले, पुढील कायद्यांनी त्यांची रात्रपाळी बंद केली आणि १९२९मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला. हे सर्व उपाय आवश्यक होते. पण दोन पाळ्यांचे काम वाढले, वेगवान यंत्रे आली आणि स्त्रीला कामावर ठेवणे मालकाला महाग वाटू लागले, तेव्हा संरक्षणाचा खर्च तिच्याच जागेतून वसूल झाला. मागे हटण्याची ही गती स्वातंत्र्यानंतर आणखी वाढली, आणि कामगार संघटनांनीही घरात एका पुरुषाची पुरेशी मिळकत असावी या मागणीला अधिक महत्त्व दिले. वाइंडिंग खात्यातील रिकाम्या जागा भरल्या गेल्या, पण पुरुषांनी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा हा वर्ग बव्हंशी पुरुषांचा, मराठी भाषिकांचा आणि वडिलांच्या जागी मुलगा बदलीवर लागलेल्या कुटुंबांचा होता. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आधीपासूनच भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथे पसरत असलेल्या यंत्रमागांकडे विणकाम आणखी सरकले. तेथील लहान लहान गाळ्यांत गिरणीतल्यासारखा हजेरीपट क्वचितच राखला जातो. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याचा निर्णय झाला, तेव्हा पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असणे हा निकष ठरला आणि म्हाडाकडे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. या तारखेच्या कितीतरी आधी वाइंडिंग खात्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना त्या यादीत स्वतःच्या नावाने स्थान मिळणे अशक्य होते.