खाचेची मालकी : डेट्रॉइट टेक्नो, इलेक्ट्रो आणि अ‍ॅसिड यांच्या ध्वनिमुद्रिका-प्रकाशनाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अमेरिकेतील डेट्रॉइट आणि शिकागो या शहरांत जे यंत्रनिर्मित नृत्यसंगीत घडले, त्याचा इतिहास बहुधा वाद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते यंत्र कोणाच्या हाती लागले आणि त्यातून कोणता नाद निघाला, या तपशिलापाशी तो येऊन थांबतो. परंतु हे संगीत जगभर पोहोचले ते बारा इंची ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने, आणि ती ध्वनिमुद्रिका कोणी कोरली, कोणी छापली, कोणी विकली व तिचे हक्क शेवटी कोणाकडे राहिले, हे पाहिल्याशिवाय इलेक्ट्रो, अ‍ॅसिड आणि टेक्नो या तिन्ही धारांनी इतकी वर्षे तग कसा धरला याचा उलगडा होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या कक्षेबाहेर, थोड्या प्रतींत आणि स्वतःच्या नावाने प्रकाशन करण्याची ही पद्धत सुरुवातीला नाइलाजातून आली असली, तरी पुढे ती जाणीवपूर्वक स्वीकारलेली भूमिका झाली, हे या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे अंग आहे.

डेट्रॉइटपुरते बोलायचे तर नाइलाजाचे कारण स्पष्ट आहे. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेली आणि या शहराला जगाच्या संगीत-नकाशावर आणणारी मोटाउन ही कंपनी १९७२ मध्ये आपले बस्तान लॉस एंजेलिसला घेऊन गेली, त्याच सुमारास मोटार उद्योगालाही उतरती कळा लागली होती, आणि शहरात नवे संगीत ऐकून ते छापण्याची ऐपत असलेली मोठी संस्था उरली नाही. मात्र कंपनी गेली तरी छपाईचे कसब शहरात शिल्लक होते. १९६५ पासून चालत आलेला आर्चर हा एका कुटुंबाचा ध्वनिमुद्रिका छापण्याचा कारखाना थोड्या प्रतींचे कामही घेत असे, आणि पुढे डेट्रॉइट टेक्नोच्या असंख्य तबकड्या याच कारखान्याच्या दाबयंत्रांतून बाहेर पडल्या.

या प्रकाशनपरंपरेची सुरुवात १९८१ मध्ये झाली असे मानणे योग्य ठरते. त्या वर्षी हुआन अ‍ॅटकिन्स आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेले रिचर्ड डेव्हिस या दोघांनी सायबोट्रॉन या नावाने ‘अ‍ॅलीज ऑफ युवर माइंड’ ही तबकडी डीप स्पेस या स्वतःच्याच लेबलवर काढली. लेबल म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावरचे नाव, आणि त्यामागे उभी असलेली प्रकाशनसंस्था. ती संस्था प्रसंगी एका माणसाची आणि एका खोलीचीही असू शकते. द इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावाने रात्रीचा कार्यक्रम करणाऱ्या नभोवाणी-निवेदकाने ही तबकडी वाजवली आणि ती शहरात खपली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ने क्राफ्टवर्क या जर्मन संचाच्या सुरावटीला टीआर-८०८ या तालयंत्राची जोड दिली, आणि इलेक्ट्रो या प्रकाराचा साचा पक्का झाला: तालातील मुख्य ठोके समान अंतरावर न पडता तुटक, हुलकावणी देत पडतात, खर्ज खोल असतो आणि मानवी आवाज यंत्रातून गाळून आल्यासारखा वाटतो. टेक्नोत याउलट प्रत्येक मात्रेवर खर्जाचा ठोका अखंड पडत राहतो. सायबोट्रॉनपासून वेगळे झाल्यावर अ‍ॅटकिन्स यांनी १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स ही संस्था काढली. त्यांचे शाळूसोबती डेरिक मे यांची ट्रान्समॅट आणि केव्हिन सॉन्डरसन यांची केएमएस या संस्था मागोमाग आल्या, आणि तिन्हींची ठिकाणे ईस्टर्न मार्केट भागात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. १९८८ मध्ये लंडनच्या व्हर्जिन समूहाने या मंडळींच्या रचनांचा संग्रह काढला, त्याच्या शीर्षकातून टेक्नो हे नाव युरोपभर पसरले, आणि तरीही मूळ प्रकाशक हेच तिघे राहिले.

शिकागोची गोष्ट वेगळी आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी टीबी-३०३ नावाची लहानशी पेटी बाजारात आणली, तिचा हेतू एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी एवढाच होता, आणि तो साधला न गेल्यामुळे सुमारे १०,००० नग तयार झाल्यावर १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी ही पेटी फ्यूचर या संचातील तरुणांच्या हाती लागली; तिची बटणे वाजताना सतत पिळत राहिल्यास खर्ज चिरकतो, ओघळतो, बुडबुड्यांसारखा फुटतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून तयार झालेली ध्वनिफीत रॉन हार्डी यांनी म्युझिक बॉक्स या नृत्यगृहात एका रात्रीत अनेकदा वाजवली, आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती प्रकाशित केली. ट्रॅक्सचे चालक लॅरी शर्मन यांच्याकडे स्वतःचा छपाई कारखाना होता, त्यामुळे तबकड्या झपाट्याने बाजारात येत; पण त्यांचा दर्जा निकृष्ट असे, आणि मानधन व हक्कांबाबत संगीतकारांच्या तक्रारी पुढे दशकानुदशके चालू राहिल्या. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये या संस्थेविरुद्ध दावा दाखल केला, तो २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. कारखाना, लेबल आणि हक्क हे सारे निर्मात्याऐवजी व्यापाऱ्याच्या हाती एकवटले की काय होते, याचे इतके ठळक उदाहरण या संगीताच्या इतिहासात दुसरे नाही.

हीच यंत्रे शिकागोच्याही पाच वर्षे आधी मुंबईत वाजली होती, ही वस्तुस्थिती येथे नोंदवणे आवश्यक आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून दीर्घकाळ काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८ हा संश्लेषक, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले, आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. रागाच्या चलनातील मींड आणि टीबी-३०३ ची एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय यांचे तीत इतके सहज जमले आहे की आजचा श्रोता तिला अ‍ॅसिड म्हणूनच ओळखतो. तरीही ती एकटीच राहिली. ती फारशी खपली नाही, आणि भारतात तेव्हा तबकड्या छापणे मोजक्या कंपन्यांच्या हाती असल्यामुळे, एखाद्या वादकाने पदरचे पैसे घालून तिचा पुढचा भाग पाचशे प्रतींत काढावा, तो तरुणांनी ऐकावा आणि त्यातून आणखी चार नावे उभी राहावीत, अशी वाटच उपलब्ध नव्हती. यंत्र आणि प्रतिभा दोन्ही असूनही परंपरा का निर्माण झाली नाही, याचे उत्तर संगीतापेक्षा प्रकाशनव्यवस्थेत अधिक सापडते. २०१० मध्ये नेदरलँड्समधील बॉम्बे कनेक्शन या लहान संस्थेने ही तबकडी पुन्हा छापली, तेव्हा कुठे सिंग यांना परदेशी रंगमंचांवरून निमंत्रणे आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

डेट्रॉइटच्या दुसऱ्या पिढीने ट्रॅक्ससारख्या संस्थांचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवला. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी दशकाच्या वळणावर उभारलेल्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सने छायाचित्रे आणि प्रसिद्धी नाकारली, चेहरे झाकून कार्यक्रम केले आणि निर्मितीपासून विक्रीपर्यंतची प्रत्येक पायरी शहरातच राहावी असा प्रयत्न केला. १९९२ मध्ये सुरू झालेली सबमर्ज ही वितरणसंस्था त्याचेच फळ होय: अनेक लहान लेबलांच्या तबकड्या एका छताखाली आणून त्या थेट युरोप-जपानच्या दुकानांना पाठवणे, हे तिचे काम. १९९९ मध्ये अंडरग्राउंड रेझिस्टन्सने काढलेली डीजे रोलँडो यांची ‘नाइट्स ऑफ द जॅग्वार’ ही रचना गाजली, तेव्हा सोनीच्या जर्मन शाखेने मूळ कर्त्यांच्या संमतीशिवाय तिची हुबेहूब प्रतिकृती काढायला घेतली. जगभरातील श्रोते आणि दुकानदारांनी निषेधाची झोड उठवली आणि सोनीला माघार घ्यावी लागली. जाहिरातीवर पैसा न खर्चणाऱ्या संस्थेच्या पाठीशी इतके लोक उभे राहिले, याचे श्रेय सबमर्जने जोडलेल्या त्या प्रत्यक्ष संबंधांना द्यावे लागते.

या साऱ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी कोरणीचे काम होते. मऊ लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर तापवलेली अणकुचीदार सुई संगीताच्या कंपनांनुसार चक्राकार खाच कोरत जाते; मग त्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि विजेच्या साह्याने निकेल चढवून साचे काढतात, आणि साच्यांत दाबून प्लास्टिकच्या प्रती निघतात. खर्ज जितका जोरकस, तितकी खाच रुंद आणि जागा जास्त लागते; म्हणून एका बाजूला एकदोनच रचना असलेली बारा इंची तबकडी नृत्यसंगीताला मानवते. डेट्रॉइटमध्ये हे काम नॅशनल साउंड कॉर्पोरेशनचे रॉन मर्फी करीत. जुन्या मोटाउन संगीताचे ते मोठे जाणकार होते, आणि आपल्यापेक्षा पिढीने लहान असलेल्या या मुलांच्या अजब मागण्या त्यांनी आनंदाने पुऱ्या केल्या: आतून बाहेर वाजत जाणारी खाच, किंवा स्वतःशीच मिटलेली, एकच आवर्तन अखंड फिरवत ठेवणारी बंद खाच. मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो; त्यात चार ठोके बरोबर बसवायचे तर मिनिटाला सुमारे १३३ ठोक्यांची लय लागते, आणि हे गणित जमले की सुई उचलेपर्यंत ताल तुटत नाही. मिल्स यांच्या अ‍ॅक्सिस लेबलवरील १९९४ ची ‘सायकल ३०’ ही तबकडी अशा खाचांसाठी प्रसिद्ध आहे. मर्फी यांचे २००८ मध्ये निधन झाले. त्यांच्या हातच्या तबकड्यांवर शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली अक्षरे संग्राहक आजही शोधतात, आणि संगीतकारांइतकाच मान त्यांना मिळायला हवा.

इलेक्ट्रोची धार याच काळात जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांच्या ड्रेक्सिया या संचाने पुन्हा तेज केली. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकल्या गेलेल्या गर्भवती आफ्रिकी स्त्रियांची मुले पाण्याखाली श्वास घेत जगली, अशी कल्पित कथा त्यांनी तबकड्यांच्या सोबतच्या मजकुरातून रचत नेली, आणि श्रोत्याला ती वेष्टने व लेबले वाचूनच उलगडावी लागे. स्टिन्सन २००२ मध्ये वारले. अटलांटिकपलीकडे बर्लिनमधील हार्ड वॅक्स हे दुकान व ट्रेसॉर हे तळघरातील नृत्यगृह, हेगमधील बंकर आणि रॉटरडॅममधील क्लोन या संस्थांनी हीच पद्धत उचलली. ड्रेक्सियाच्या दुर्मीळ रचना २०११ पासून क्लोननेच पुन्हा उपलब्ध केल्या. गोव्याच्या हणजुणे किनाऱ्यावरील मेजवान्यांत मात्र उन्हाने आणि धुळीने तबकड्या खराब होत असल्यामुळे हे संगीत मुख्यतः ध्वनिफितींवरून वाजले, आणि तेथील परंपरेने वेगळे वळण घेतले.

एकविसाव्या शतकात मोठ्या कंपन्या तबकडीकडे परतल्या तेव्हा लहान संस्थांची अडचण झाली, कारण कारखाने मोजके आणि मोठ्या मागण्यांना प्राधान्य मिळू लागले. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत नष्ट झाला. कोरणीसाठी लागणाऱ्या लेपाच्या चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने होते, त्यांपैकी हा एक, आणि तेव्हापासून तीनशे प्रतींची टेक्नोची तबकडी काढणाऱ्यालाही जपानमधील उरलेल्या एकमेव उत्पादकावर किंवा थेट तांब्यावर कोरण्याच्या पर्यायी पद्धतीवर विसंबावे लागले.