एका छावणीची बखर

इतिहासाच्या साधनांत खरें कोणतें आणि लटकें कोणतें, हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची अशी कसून झडती घेतली कीं, तेव्हांपासून केवळ बखरीवर विसंबून एखादें विधान करणें अभ्यासकास थोडें लाजिरवाणेंच वाटूं लागलें. बखरकार प्रसंग होऊन गेल्यावर पुष्कळ वर्षांनीं लिहावयास बसतो. त्याचे सन चुकतात, फौजांचे आंकडे फुगतात, एकाचें बोलणें दुसऱ्याच्या तोंडीं जातें. उलट, अस्सल पत्र हें त्या त्या घटकेचें अपत्य असतें. लढाया, तह आणि वसुली यांच्या बाबतींत हा निकाल आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु मनुष्याच्या आयुष्यांत असेही कांहीं भाग आहेत कीं, ज्यांचें दफ्तर सहसा कोणी ठेवीत नाहीं. बालपण हा त्यांपैकीं पहिला. दहा-बारा वर्षांच्या मुलास आपण इतिहास घडवीत आहों याचा गंधही नसतो, आणि वडील माणसांस मुलांच्या खेळांत टिपून ठेवण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. म्हणून बालपणाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे बखरीचाच, म्हणजे मोठेपणीं सांगितलेल्या आठवणींचाच, आश्रय करावा लागतो. तो कितपत करावा आणि कोणत्या सावधगिरीनें करावा, हें पाहण्यास पाश्चात्त्य मुलांच्या उन्हाळी छावण्यांचें उदाहरण चांगलें उपयोगी पडतें. विषय वरवर पाहतां हलका वाटेल. पण हलक्या वजनांनींच तराजूची परीक्षा होते.

दीर्घ सुटींत मुलांनीं घरापासून दूर, पाण्याकांठीं किंवा रानांत राहुट्या ठोकून रहावें, पोहावें, होड्या वल्हवाव्या आणि रात्रीं शेकोटीभोंवतीं बसावें, ही चाल अमेरिकेंत प्रथम रुजली. कनेक्टिकट संस्थानांत वॉशिंग्टन नांवाच्या लहानशा गांवीं फ्रेडरिक विल्यम गन या गृहस्थांची एक निवासी शाळा होती. इ. स. १८६१ च्या एप्रिलांत तेथील यादवी युद्ध सुरू झालें, आणि शिपायांप्रमाणें आपणही उघड्यावर निजावें अशी हौस मुलांस उत्पन्न झाली. गन यांनीं ती हौस मोडून न काढतां तिला वळण लावलें. त्या उन्हाळ्यांत ते व त्यांच्या पत्नी सगळी शाळा बरोबर घेऊन सुमारें ४० मैलांची वाट चालून समुद्रकांठच्या मिल्फर्ड येथें गेले, व तेथें त्यांनीं राहुट्या दिल्या. गन १८८१ मध्यें वारले. त्यानंतर १८८७ मध्यें त्यांच्या शिष्यांनीं ‘द मास्टर ऑफ द गनरी’ हा स्मृतिग्रंथ प्रसिद्ध केला. शिष्यांच्या आठवणी हेंच त्या ग्रंथाचें भांडवल. एका खेड्यांतील शाळामास्तरास पुढील पिढ्यांनीं ओळखावें, याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्या प्रौढ झालेल्या विद्यार्थ्यांकडे जातें.

याहून अधिक बोधप्रद उदाहरण इंग्लंडांतील आहे. दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत पूल नांवाचें बंदर आहे, व त्या बंदरांत ब्राउनसी नांवाचें बेट आहे. इ. स. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत लेफ्टनंट-जनरल रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनीं या बेटावर मुलांची एक छावणी भरविली. आफ्रिकेंतील माफेकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्यामुळें या सेनापतीचें नांव त्या काळीं घरोघर झालेलें होतें. बेटाचे मालक चार्ल्स व्हॅन राल्टे यांनीं जागा दिली. मुलें मोठ्या योजनेनें निवडलेलीं होतीं : दहा मुलें ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंत निवासी शाळांतील, बहुतेक सेनापतींच्या मित्रांचे पुत्र, सात बोर्नमथच्या व तीन पूलच्या ‘बॉइज ब्रिगेड’ या संस्थेंतील, म्हणजे साध्या कुटुंबांतील. पहिल्यांस एक पौंड फी, दुसऱ्यांस साडेतीन शिलिंग. लांडगे, कावळे, बैल आणि ‘कर्ल्यू’ नांवाचा लांब चोंचीचा पाणथळ पक्षी, अशा नांवांच्या पांच पांच मुलांच्या चार तुकड्या केल्या होत्या, व त्यांत दोन्ही थरांतील मुलें मिसळून टाकलीं होतीं. इंग्लंडांतील त्या वेळचा वर्गभेद ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या मिसळणीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दिवसाचा आरंभ कुडू नांवाच्या आफ्रिकी हरिणाच्या पिळदार शिंगाच्या आवाजानें होई. हें शिंग बेडन-पॉवेल यांनीं १८९६ च्या माटाबेले मोहिमेंतून आणलेलें होतें. प्रत्येक दिवसास एकेक विषय वांटून दिला होता : रानांतील राहणी, निरीक्षण, वनविद्या, स्त्रीदाक्षिण्य आणि शौर्य, जीवरक्षण, देशप्रेम. रात्रीं शेकोटीपाशीं गोष्टी होत. याच प्रयोगाच्या आधारावर १९०८ च्या जानेवारीपासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हा ग्रंथ भागशः निघाला, आणि थोड्याच वर्षांत बालवीरांची चळवळ पृथ्वीभर पसरली.

आतां या छावणीचें दफ्तर पाहूं. तिचा जमाखर्च उपलब्ध आहे. एकंदर खर्च ५५ पौंड २ शिलिंग ८ पेन्स झाला. मुलांची फी व देणग्या वजा जातां २४ पौंडांहून थोडी अधिक तूट आली, आणि ज्यांचे दोन मुलगे छावणींत होते अशा सॅक्सन नोबल नांवाच्या गृहस्थांनीं ती भरून दिली. राजवाड्यांनींही मान डोलवावी असा हा कागद ! पेन्सापर्यंत हिशेब लागतो. पण त्याच छावणींत मुलें एकंदर किती होतीं, हा प्रश्न विचारला कीं कागदपत्रें अडखळूं लागतात. कित्येक लेखकांनीं २० म्हटलें आहे, आणि खुद्द बेडन-पॉवेल यांचेंही तसें विधान आहे. पुढें १९०८ मध्यें त्यांनींच आपला नऊ वर्षांचा पुतण्या डॉनल्ड धरून २१ मुलांची नोंद दिली. हा डॉनल्ड तुकडींत नव्हता. तो हरकाम्या म्हणून चुलत्याच्या दिमतीस होता. छावणीस जाऊन आलेले व पुढें या चळवळीचे एक आधारस्तंभ झालेले पर्सी एव्हरेट यांनीं १९४८ च्या आपल्या ग्रंथांत २१ हाच आंकडा दिला. जवळजवळ साठ वर्षें हाच आंकडा बव्हंशीं रूढ होता.

इ. स. १९६४ मध्यें विल्यम हिलकोर्ट यांनीं बेडन-पॉवेल यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यांत मात्र आंकडा २२ झाला. ही भर कोठून आली ? एका कॅम्पकऱ्याच्या आठवणींतून. रॉडनी घराण्यांतील तीन भाऊ तुकड्यांत होते, हें सर्वांस माहीत होतें. त्यांतील वडील भाऊ, जे आतां लॉर्ड रॉडनी झालेले होते, त्यांनीं सांगितलें कीं, आमचा चौथा भाऊ सायमन हाही तेथें होता. मग त्याचें नांव कोठेंच कसें नाहीं ? याचा उलगडा पुढें अभ्यासकांनीं असा केला कीं, सायमन तुकडींत घेण्यास वयानें लहान होता. म्हणून डॉनल्डप्रमाणेंच तोही हरकाम्या होता. आणि याद्या तर तुकडीवार केलेल्या! तुकडींत नाहीं तो यादींत नाहीं. डॉनल्ड यादीबाहेर राहूनही विसरला गेला नाहीं. कारण तो सेनापतींचा पुतण्या होता. सायमनचें असें कांहीं नातें नव्हतें. त्याला फक्त एक भाऊ होता, आणि भावास तो आठवत होता.

आमच्या मतें या लहानशा गोष्टींत मोठा अर्थ आहे. कागद हा ज्या कामासाठीं केला असेल तेवढेंच सांगतो. हिशेबाच्या वहीस पैसे ठाऊक असतात, तुकडीच्या यादीस तुकडी ठाऊक असते. जो ना पैशांच्या बाबींत बसत, ना हुद्द्याच्या, तो दफ्तराच्या दृष्टीनें जन्मलाच नाहीं. आठवणीचें मोजमाप निराळें. शेकोटीभोंवतीं कोण कोण बसलें होतें हें तिला ठाऊक असतें, मग त्याचा हुद्दा असो वा नसो. म्हणून अस्सल कागद मिळाला कीं बखरीचें काम संपलें, असें निदान या प्रांतांत तरी म्हणतां येत नाहीं.

तथापि बखरीचे दोषही येथें स्पष्ट दिसतात, आणि ते लपविणें योग्य होणार नाहीं. छावणी चालविणारांच्या आठवणी आणि छावणींत राहिलेल्या मुलांच्या आठवणी या एकाच जातीच्या नसतात. चालकास योजना आठवते. कोणत्या दिवशीं काय शिकवावयाचें होतें आणि तें कसें साधलें, हें तो सांगतो. पाऊस, करपलेला भात, रात्रीं घरच्या आठवणीनें रडणारें पोर, हें त्याच्या लेखीं गौण. मुलास उलट योजना कधींच दिसलेली नसते; त्याला अंगावर आलेलें तेवढें आठवतें. शिवाय पुढचें यश मागच्या आठवणीस रंग देतें. ब्राउनसीच्या मुलांस त्या आठवड्यांत आपण एका जगद्व्यापी चळवळीचे पहिले पाईक आहों हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्यांच्या दृष्टीनें ती एक सुटी होती. परंतु पुढें पन्नास वर्षें ज्यास ‘पहिल्या छावणींतला तूं’ म्हणून लोक विचारीत राहिले, त्याच्या आठवणींत त्या विचारणारांचाही आवाज मिसळल्याशिवाय कसा राहील ? ज्या असंख्य छावण्यांतून पुढें कांहींच निपजलें नाहीं, तेथील मुलांस कोणी विचारलेंही नाहीं. आणि मृतांच्या आठवणी तर नाहींतच. ब्राउनसीच्या मुलांपैकीं एकजण १९१४ मध्यें, महायुद्धाच्या पहिल्याच वर्षीं, रणांगणावर पडला. बखर ही नेहमीं मागें राहिलेल्यांचीच असते.

पर्सी एव्हरेट यांचें उदाहरण या दोन्ही बाजू एकत्र दाखवितें. चाळीस वर्षांनंतरही शेकोटीच्या हलत्या उजेडांतील बेडन-पॉवेल त्यांच्या डोळ्यांपुढें उभे होते : घटकेंत गंभीर, घटकेंत खेळकर, पांखरांच्या आवाजाची नक्कल करणारे, मध्येंच एखादी गोष्ट सांगून गाऊं नाचूं लागणारे. हें चित्र कोणत्याही कागदांत सांपडलें नसतें, आणि तें खोटें मानण्यास आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. पण तेच गृहस्थ मुलांची संख्या सांगतांना एकानें कमी सांगतात. यावरून साधा नियम काढतां येतो : आंकडा, तारीख आणि क्रम यांसाठीं कागदाकडे जावें, माणसें, आवाज आणि उणीवा यांसाठीं आठवणीकडे जावें, आणि दोहोंचें जमत नसेल तेथें आधीं कोणीही खोटें ठरवूं नये, तर कागद कशासाठीं केला होता तें पहावें.

आठवण टिकण्यास जागा लागते, असें पुष्कळांस वाटतें. ब्राउनसीची हकीकत यालाही थोडी निराळी साक्ष देते. मूळचे कॅम्पकरी १९२८ मध्यें बेडन-पॉवेल यांच्या पॅक्स हिल येथील घरीं पुन्हा एकत्र जमले. बेट मात्र त्याच्या आदल्याच वर्षीं मेरी बॉनम-क्रिस्टी या एकांतप्रिय बाईंनीं विकत घेतलें होतें. १९३२ मध्यें रौप्यमहोत्सवासाठीं त्यांनीं सुमारें ५०० बालवीरांस येऊं दिलें. परंतु १९३४ मध्यें बेटावर मोठा वणवा पेटला. त्या वेळीं तेथें कांहीं बालवीर उतरलेले होते. आग त्यांच्या ठिकाणीं लागली नव्हती. तरी ठपका त्यांच्यावर आला, आणि १९६१ मध्यें बाई वारेपर्यंत बालवीरांस तेथें छावणी करतां आली नाहीं. पुढें बेट राष्ट्रीय न्यासाकडे आलें, आणि १९६३ मध्यें लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्तें तेथें छावणीची जागा पुन्हा उघडली. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ ती जागा बंद होती. आणि त्या काळांत जें राहिलें तें माणसांच्या मनांतच राहिलें. १ ऑगस्ट २००७ रोजीं, बरोबर शंभर वर्षांनीं, देशोदेशींच्या बालवीरांपुढें त्या बेटावर कुडूचें शिंग पुन्हा वाजलें.

असो. या सर्व गोष्टीचा आपल्याशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. ही चळवळ हिंदुस्थानांत १९०९ मध्यें आली. परंतु आरंभीं तिचीं दारें हिंदी मुलांस बंद होतीं. तेव्हां अॅनी बेझंट यांनीं मद्रासेकडे, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं अलाहाबादेकडे आपल्या मुलांसाठीं स्वतंत्र संस्था काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं या शाखा एकत्र होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली. तिचे ठराव व सनावळ्या मिळतील. पण त्या काळीं खाकी गणवेष घालून, वळकटी पाठीशीं बांधून जीं मुलें-मुली पहिल्यानेंच घराबाहेर निजलीं, तीं आज आजोबा-आजी झालेलीं आहेत, आणि त्यांच्या छावण्यांची बखर बहुधा कोणीं लिहिलेली नाहीं.

घरांतील अशा एखाद्या वृद्धास ‘मजा आली का’ एवढेंच विचारूं नये. त्याचें उत्तर एका शब्दांत येतें. राहुटींत शेजारीं कोण निजत असे, स्वयंपाक कोण करी, पंक्तींत कोणास वेगळें बसवीत, आणि छायाचित्र काढतांना कोण बाजूस उभें राहिलें, हें विचारावें. आणि उत्तर मिळेल तें तारखेसह लिहून ठेवावें. लॉर्ड रॉडनी यांस त्यांच्या उतारवयांत कोणी विचारलें नसतें, तर ब्राउनसी बेटावरील मुलें आजही २१ च मोजलीं गेलीं असतीं.