फॅरोसचा दीपस्तंभ: दगडावर नाव कोणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण अलेक्झांड्रिया शहर कसं वसलं ते पाहिलं. आज त्याच्या बंदराकडे वळू. हा किनारा अगदी सपाट. दुरून येणाऱ्या खलाशाला ओळखीची खूण म्हणावी असा डोंगर नाही, आणि बंदराच्या तोंडाशी खडक. म्हणून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, टॉलेमी राजांच्या काळात, समोरच्या फॅरोस बेटावर सुमारे १०० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला.

त्याची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. सोस्ट्रेटसने दगडात स्वतःचं नाव कोरलं, वर चुन्याचा गिलावा देऊन त्यावर राजाचं नाव घातलं. काळाने गिलावा पडला आणि खरं नाव उघडं झालं. गोष्ट छान आहे. पण ती सांगतो कोण? लुशियन, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे मनोरा बांधल्यावर चारेकशे वर्षांनी. आणि कशासाठी? इतिहासकाराने आजच्या वाहवेसाठी नाही, तर पुढच्या पिढ्यांसाठी लिहावं, हे पटवण्यासाठी. म्हणजे हा दाखला आहे, साक्ष नव्हे.

त्याच्या आधीचा प्लिनी नेमकं उलट सांगतो: बांधकामाला ८०० टॅलेंट खर्च आला, आणि राजाने मोठ्या मनाने वास्तुकार सोस्ट्रेटसला नाव कोरू दिलं. त्याहून जुना स्ट्रेबो. तो स्वतः अलेक्झांड्रियात राहिलेला. तो एवढंच म्हणतो की राजांचा मित्र, नायडसचा सोस्ट्रेटस, याने खलाशांच्या सुरक्षिततेसाठी हा मनोरा अर्पण केला. ‘वास्तुकार’ हा शब्दच तिथे नाही! म्हणजे सोस्ट्रेटस बांधणारा होता की पैसा देणारा दरबारी, इथूनच वाद सुरू होतो.

बघा, जसजसे आपण मागे जातो तसतशी गोष्ट साधी होत जाते. फसवणूक गळते, राजाचं औदार्य गळतं, उरतात एक नाव आणि खलाशी. आवडती गोष्ट सोडवत नाही, हे खरं. पण साक्षीदार कधीचा आणि तो कशासाठी बोलतोय, हे विचारल्याशिवाय आपण इतिहास वाचला असं म्हणता येत नाही.

चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी मनोरा पाडला. त्या जागी १४७७ मध्ये सुलतान कैतबेने किल्ला बांधायला घेतला. दगडावरचं नाव गेलं. बेटाचं मात्र राहिलं: फ्रेंचमध्ये दीपस्तंभाला आजही ‘फार’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘फारो’.