पहाटे दोनच्या कामाची कुळकथा

सेल्सफोर्स या कंपनीच्या यंत्रणेवर कोड लिहिणाऱ्याला ही ओळ कधी ना कधी भेटतेच: ० ० २ * * ?. रोज पहाटे दोनला हे काम आपोआप सुरू कर, एवढाच तिचा अर्थ. हप्ते थकलेल्या ग्राहकांची यादी काढणं, पडून राहिलेल्या चौकश्या बंद करणं, असली कामं तिच्या भरवशावर चालतात. बहुतेक जण ती कुठून तरी उचलून चिकटवतात. मला मात्र ती जुन्या घरासारखी वाटते. कोणती वस्तू कुणी आणली, ते अजून सांगता येतं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे क्रॉन नावाचा प्रोग्राम. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडली. तिच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, क्रॉन होता. नाव ग्रीक भाषेतल्या काळवाचक शब्दावरून आलेलं. मिनिटाला एकदा उठायचं, एक फाइल वाचायची, या घडीचं काही असेल तर करायचं आणि पुन्हा झोपायचं, हा त्याचा नेम. फाइलीत वेळेचे पाच रकाने असत: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे काहीही चालेल तिथे तारका. आपल्या ओळीतल्या तारका तिथून आल्या.

पण ती फाइल सगळ्या यंत्राची मिळून एकच होती आणि कामंही सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालत. पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी यावर तोड काढली. दर मिनिटाला उठून प्रत्येकाची फाइल चाळायची कशाला? पुढचं काम कधी आहे ते पाहावं आणि तोवर निजावं. मग एकाच यंत्रावर प्रत्येकाला आपापलं वेळापत्रक ठेवता येऊ लागलं. या घराण्यातली सर्वांत मोठी सुधारणा मी हीच मानतो. पुढे १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन घरोघरी पोचला.

राहिलं पहिलं शून्य आणि शेवटचं प्रश्नचिन्ह. ती दोन्ही क्वार्ट्झ या जावातल्या वेळापत्रकाच्या व्याकरणातली. त्यात सेकंदाचा रकाना सुरुवातीला आला, म्हणून ते शून्य. आणि तारीख व वार एकमेकांशी भांडू नयेत म्हणून दोहोंपैकी एकाने गप्प बसायचं, त्याची खूण प्रश्नचिन्ह. वारांची मोजणीही बदलली. युनिक्समध्ये रविवार ०, इथे रविवार १. जुन्या सवयीचा माणूस सोमवारसाठी १ लिहितो आणि सोमवारची स्मरणपत्रं रविवारीच सुटतात.

सेल्सफोर्स १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. तिची एपेक्स ही भाषा २००६ मध्ये जाहीर झाली, आणि पुढे त्याच भाषेत 'शेड्यूलेबल' हा शिक्का आला. क्लासला तो शिक्का लावायचा, 'एक्झिक्यूट' या एका मेथडमध्ये काम लिहायचं, आणि नाव, वेळेची ओळ व काम अशा तीन गोष्टी 'सिस्टिम डॉट शेड्यूल'च्या हवाली करायच्या.

इथे मात्र यंत्र आपलं एकट्याचं नाही. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहावीत तशा अनेक कंपन्या एकाच यंत्रणेवर नांदतात, म्हणून वाड्याचे नियम आले. एका बिऱ्हाडाने एका वेळी फार तर १०० कामं लावून ठेवायची. सेकंद आणि मिनिटाच्या रकान्यात सरळ आकडाच हवा. युनिक्सवर दर पंधरा मिनिटांचं काम एका ओळीत मावतं, इथे त्यासाठी चार वेगळी कामं लावावी लागतात. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. एकाने रात्रभर नळ सोडून ठेवला तर शेजाऱ्याची बादली भरणार कशी?

म्हणून हे काम लावणाऱ्यांना एकच सांगणं आहे. ओळीतले दोन म्हणजे काम रांगेत उभं राहण्याची वेळ. ते प्रत्यक्ष सुरू होतं यंत्रणा मोकळी होईल तेव्हा. दोनच्या ठोक्यालाच ते झालं असेल असं धरून अडीचचं दुसरं काम त्यावर टेकवू नका. पहिलं संपलं की त्यानेच दुसऱ्याला हाक मारावी, असं लिहा.